भर बारांची हाक

बाबलीने पेजेचा पहिला भुरका मारला आणि नेमकी तेव्हाच नदीपलीकडून होडी मागणारी हाक आली, "बाबलीऽऽ, होडी हाडऽऽ!"

मेली हाक घासालाच यायची! तो वल्हं घ्यायला उठला, तोच त्याच्या आईने, यशोदेने, मनगट घट्ट धरलं.

"खाली बस. भर बारांची हाक ती. तीनदा इल्याबिगर ओ देवची नाय."

"आये, दत्तारामाचो आवाज तो."

"भुतां ओळखीच्याच आवाजात मारतत हाक, पण दोनदाच. तुझो बापूस पयल्याच हाकेक गेलो, तो माका नदीत गावलो."

तेरेखोल नदीवर पूल नव्हता. गावात होडी एकट्या बाबलीची, आणि डॉक्टर, इंजेक्शन, हेल्थ सेंटर सगळं अलीकडच्या काठाला. पलीकडच्यांचं दुखणंखुपणं त्याच्याच वल्ह्यावर होतं. हे का त्याला ठाऊक नव्हतं? पण आई मनगट सोडत नव्हती.

दुसरी हाक आली. पहिलीहून मोठी, फाटलेली. कान नदीकडे आणि हात पेजेत ठेवून तो तिसरीची वाट बघत बसला. तिसरी आलीच नाही.

"बघलंस?" यशोदा म्हणाली आणि तिने देवाला हात जोडले.

ऊन कलल्यावर तो होडी घेऊन पलीकडे गेला. काठावर माडाच्या सावलीत दत्ताराम बसला होता. मांडीवर बायकोचं, वत्सलाचं डोकं. तिच्या घोट्यावर सापाच्या दातांच्या दोन खुणा होत्या आणि वर लुगड्याची चिंधी करकचून बांधली होती. वत्सला श्वास घेत नव्हती.

"काजीच्या बागेत पान लागला," सापाचं नाव टाळत दत्ताराम म्हणाला. "तसोच उचलून धावत हाडलंय तिका. दोन हाका मारलंय. तिसरी मारूक तोंड उघडलंय, तर म्हणता कशी, आराडू नकात, माझ्यापाशी बसा."

बाबली त्याच्याशेजारी बसला. त्याला हुंदका आवरेना.

दत्तारामानेच मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू कित्याक रडतंस? घराक असतंस तर पयल्याच हाकेक इलो असतंस. माका ठाऊक आसा."