ताईचं पाणी

धाकटीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मान खाली घातली. चिपवरच्या खड्ड्यावर ताणलेला ग्राफीनचा पापुद्रा, एका अणूएवढा पातळ, पुन्हा फाटून तळाला चिकटला होता.

चिप पाण्यात धुऊन वाळवताना ते पाणी आटतं आणि पापुद्र्याला खाली ओढतं. त्यातून उरलाच, तर ढोलकीच्या कातड्यासारखा थरथरतो, बारीकसारीक हादराही टिपतो. ताईचे उरत. धाकटीचा आजवर एकही उरला नव्हता, आणि आज संध्याकाळी सर ठरवणार होते, तिला या कामावर ठेवायचं की काढायचं.

"रडू नकोस गं," ताई पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तुझा हातच जरा जड आहे. असतो एकेकाचा." तेवढ्यात फोन वाजला आणि ती बाहेर गेली.

ताई प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी. धाकटीला चिमटा धरायला तिनेच शिकवलं होतं. निदान तिचं टेबल तरी आवरावं म्हणून धाकटी उठली. 'पाणी' अशी चिठ्ठी लावलेलं ताईचं भांडं झाकायला वाकली, तर नाकात स्पिरिटचा वास घुसला.

स्पिरिट पाण्याइतकं ओढत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण "त्याला हात लावू नकोस, पापुद्रा खराब होतो," असं ताईनेच बजावलं होतं. ताई म्हणाली पाणी, तर पाणी. हुंगून कोण बघतो? केसाहून कितीतरी बारीक वस्तू हाताळणाऱ्या बाईला केसाने गळा कापणं काय अवघड!

धाकटीने शेवटची चिप त्या भांड्यात बुडवली, वाळवली, थरथर मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवली. पापुद्रा उरला. स्क्रीनवरची रेघ हलकेच थरथरू लागली. आनंद व्हायला हवा होता. ती मात्र स्वतःच्या हातांकडे बघत बसली. इतके दिवस ती आपल्याच हातांना शिव्या घालत होती.

बाहेर पावलं वाजली. पावलागणिक रेघ उसळू लागली.

"उरला का गं?" दार ढकलत ताईने विचारलं.

"उरला. तू येतेयस हे याला दाराबाहेरूनच कळलं, ताई," स्क्रीनवरून नजर न काढता धाकटी म्हणाली. "मलाच कळलं नाही."

ताईचं लक्ष उघड्या भांड्याकडे गेलं. ती होती तिथेच थांबली, आणि रेघ सरळ झाली.