मेपलची हवापालट

मास्तरांचा जपानी मेपल कुंडीतला, वीतभर उंचीचा. पण लाड हत्तीचे! उन्हाळा लागला की त्याला वर हिरव्या जाळीची सावली, कुंडीभोवती ओलं फडकं आणि पानांवर दिवसातून चारदा पाण्याचा फवारा. मास्तरीणबाई तीस उन्हाळे म्हणत होत्या, "अहो, चार दिवस कुठेतरी थंड हवेला जाऊ या." मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "उकाड्याने कोणी मेलंय का? बस पंख्याखाली."

यंदा मात्र जाळी, फडकं, फवारा सगळं करूनही मेपलच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, हा जातोय की काय हातचा!"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? पण थंड मुलखातलं लेकरू ते. डोंगरावर न्या त्याला."

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी गाडी ठरवली. मेपल पुढच्या सीटवर पट्टा बांधून, आणि मास्तरीणबाई मागे सामानात दबून. पण खुशीत!

डोंगरावर आठ दिवसांत मेपलला नवी पालवी फुटली. "सुधारला गडी! उद्या निघू परत," मास्तर म्हणाले.

"निघू की. तुम्ही आधी एक चक्कर मारून या," असं म्हणून मास्तरीणबाईंनी त्यांना बाहेर पिटाळलं, दाराला कडी घातली आणि पिशवीच्या तळातून हेअर ड्रायर काढला. घरी रोज दुपारी मास्तर घोरायला लागले की मेपलवर धरायच्या, तोच.