गोळी बदलून द्या

ऑर्विलने मधुमेहाच्या गोळ्यांसोबत मिळालेला कागद औषधाच्या दुकानात काउंटरमागच्या लिनियापुढे ठेवला. त्यातल्या दुष्परिणामांखाली त्याने पेन्सिलीने नीट रेघा मारल्या होत्या.

"भूक नाही. तोंडाला लोखंडाची चव. चर्चमधल्या बायका ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश भांडंभर आणून देतात. मी दोन घास खातो आणि भांडं धुऊन परत करतो."

"त्यांच्या हॉटडिशला चव होती कधी?" लिनियाने थट्टा केली.

तो हसला नाही. "सगळं या कागदात लिहिलंय. डॉक्टरांना फोन कर, पोरी. गोळी बदलून द्या म्हणावं."

तिने कॉम्प्युटरवर त्याची नोंद उघडली. "कधीपासून होतंय असं?"

"मार्चपासून. ही गेली ना, तेव्हा दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. त्या दिवशी पहिला घासच उतरला नाही."

लिनियाने पडद्यावरची तारीख पुन्हा एकदा पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऑर्विल, ही गोळी तुम्हाला मे महिन्यात सुरू झाली."

मागे रांगेत कुणी नव्हतं, तरी तो थोडा बाजूला सरकला.

"असेल," तो म्हणाला. "पण बदलून बघायला काय हरकत आहे?"