न उघडलेली मेल

धाकट्याचा ठोसा थोरल्याच्या नाकावर बसला. खुर्ची कलंडली आणि थोरला खुर्चीसकट कपाटावर आदळला.

"मेल पुसलीस तू! दाजींचा पाय गेला तुझ्यामुळे!"

"मी बघितलीसुद्धा नाही रे," थोरला नाक दाबत म्हणाला. बोटांमधून रक्त शर्टावर ठिबकत होतं.

सकाळी त्यांच्या कारखान्यात क्रेनचा हुक तुटला आणि लोखंडी प्लेटांचा गठ्ठा ताईच्या नवऱ्यावर कोसळला. हुक पुरवणारा फोनवर उलट त्यांच्यावरच चढला. हुकांना चिरा आहेत, वापरू नका, अशी मेल त्याने गेल्या आठवड्यातच कारखान्याच्या सामाईक पत्त्यावर केली होती म्हणे. तो पत्ता दाजींसकट तिघांच्या फोनवर होता, पण दोघा भावांच्या फोनवर ती मेल नव्हती. म्हणून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने सर्व्हर तपासला आणि म्हणाला, "मेल आली होती. नंतर इथून काढली गेलीय. थांबा, बाकीची मशिनं बघून येतो." तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच धाकट्याचा हात उठला होता.

आता थोरल्यानेही मागेपुढे पाहिलं नाही. टेबलावरचा पाना उचलून त्याने धाकट्याच्या खांद्यात घातला. धाकटा कळवळला, पण थोरल्याची कॉलर त्याने सोडली नाही. दोघे जमिनीवर आले. दाराशी कामगार जमले. मध्ये पडायची कुणाची छाती होईना.

"साहेब, सोडा! सापडली!" कॉम्प्युटरवाला धावत आला. "गोदामातल्या जुन्या मशिनवर आहे. ते पॉपवर चालतं. मेल आली की कधीकधी फोनच्या आधी तेच ती ओढून घेतं आणि सर्व्हरवरची पुसून टाकतं. कुणी उघडलेलीच नाही."

"पॉप कुणी लावायला सांगितलं?" थोरल्याला धाप लागली होती.

कॉम्प्युटरवाला धाकट्याकडे बघून अडखळला. "मी म्हटलं होतं, आयमॅप लावू. मेल सर्व्हरवरच राहते, सगळ्यांना दिसते. तर हे म्हणाले, सर्व्हर भरला की मेल परत जातात, ती कटकट नको. पॉपच ठेव."

थोरल्याने उठून पाना उगारला. धाकट्याने तोंडावर हातही घेतला नाही.

"मार, दादा."

पाना खाली आला तो टेबलावर. टेबलाची काच फुटून दोघांच्या अंगावर उडाली.

दारातले कामगार बाजूला झाले. ताई आत आली. ती दवाखान्यातून तशीच आली होती; बाहीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. तिने एका भावाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दारातल्या कामगारांकडून तिला सगळं कळलं होतं. कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली, "मला ती मेल दाखवा."

तो गोदामात गेला. जुन्या मशिनवरचं पॉप काढून त्याने आयमॅप लावलं आणि ती मेल परत सर्व्हरवर ठेवली.

थोरल्याचा फोन वाजला. धाकट्याच्या खिशातला वाजला. मग ताईच्या पर्समध्येही एक वाजला. तिने तो बाहेर काढला. दाजींचा होता, काच तडकलेली.

"तातडीचे," तिने मोठ्याने वाचलं. "हुक ताबडतोब काढून ठेवावेत. त्यांखाली कुणीही उभे राहू नये."

तिने फोन जपून पर्समध्ये ठेवला.

"आत्ता आली," ती म्हणाली.