सवतीची गूजबेरी

सगुणाने बांधावरच्या स्पीकरची वायर उपटली. आज तिला त्या बाईचा आवाज नकोच होता.

गूजबेरीचं हे नवं वाण आवाजावर पिकायचं. रोपं ज्या आवाजात वाढली, त्याच आवाजाने फळांवर लाली चढायची. इथली झुडपं हरिभाऊंच्या पहिल्या बायकोच्या, द्वारकाच्या आवाजात वाढलेली. ती वारली, तरी तिचं रेकॉर्डिंग रोज सकाळी पठारावर वाजायचं. थंडीत झुडपांवर गोणपाट घालायची सगुणा, आणि फळं पिकायची मात्र सवतीसाठी.

"माझंही कधी ऐका," सगुणा झुडपांना म्हणाली. फळं हिरवीच राहिली.

मग तिने रोज ऐकून पाठ झालेला द्वारकाचा हेल काढला. "उठा गं पोरींनो, उजाडलं."

हळूहळू फळं लाल होऊ लागली. सगुणाला हसू फुटलं. त्याच हेलात तिने घराकडे हाक दिली, "अवो, पाटी आणा की."

"आलो गं, आलो!"

हरिभाऊ पाटी घेऊन धावतच बाहेर आले. समोर सगुणा दिसली, तेव्हा धावणं थांबवून ते सावकाश चालत आले.