पुढची खोली

"काका, दोन्ही किल्ल्या आतच राहिल्या!"

पुढच्या खोलीची भाडेकरू नर्स जीभ चावून दारासमोर उभी होती. तिचं सामान बाहेर टॅक्सीत चढलं होतं. तीन वर्षं रोज कामावर जाताना ओढायची, तसं आजही तिने दार ओढून घेतलं आणि लॅच खट्कन लागलं. किल्ल्या आत टेबलावर होत्या. काकांना शोधाव्या लागू नयेत म्हणून अगदी मधोमध ठेवलेल्या.

घरमालक किल्लीवाला स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला. बंद दार पाहून त्याला हसू फुटलं.

"सिस्टर, काळजी कसली करता? मी काय चपलांचं दुकान चालवतो का? मिनिटाचं काम आहे."

"पण तुमच्याकडे तिसरी किल्ली असेलच ना?"

"नाही."

"किल्लीवाल्याकडे स्वतःच्याच खोलीची किल्ली नाही?"

"आमच्या हिचा नियम होता. खोली भाड्याने दिली की ती त्यांची. आपल्याकडे किल्ली ठेवायची नाही आणि दार वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला होता. आजूबाजूच्या गल्ल्यांमधली किती दारं त्याने आजवर उघडली असतील, त्याची गणती नाही. पण या दारापाशी आला की तो बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा आणि आतून "या" ऐकू येईपर्यंत शहाण्या मुलासारखा उभा राहायचा.

घरातली ही एकच खोली ऐसपैस होती. सकाळचं ऊन थेट पलंगावर यायचं. म्हणूनच तिला भाडं चांगलं मिळायचं आणि म्हणूनच घरमालक अकरा वर्षं स्वयंपाकघरात गादी टाकून झोपत होते. घराच्या कर्जाचा हप्ता किल्ल्यांच्या दुकानातून निघायचा. भाडं, रविवारी लोकांची कुलपं दुरुस्त करून आलेले पैसे, बायकोने पँटच्या चेन बदलून साठवलेली चिल्लर, हे सगळं वेगळं, थेट मुद्दलात. जादा रक्कम भरली की बँकेतला माणूस दर वेळी विचारायचा, "हप्ता कमी करू की वर्षं?" किल्लीवाला तोंड उघडायच्या आत बायको सांगून मोकळी व्हायची, "वर्षं करा."

वीस वर्षांचं कर्ज अकरा वर्षांत फिटलं. बायको नवव्या वर्षीच गेली, स्वयंपाकघरातल्या त्याच गादीवर.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. नर्स तरी हलेना.

"काका, मी राहिले असते अजून. भाडंही वाढवून दिलं असतं."

"भाड्याचं नाही हो. तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, कर्ज फिटलं की खोली आम्हाला लागेल."

"सांगितलं होतं," नर्स म्हणाली. "जेवत जा वेळेवर. येते मी."

टॅक्सी गेली. किल्लीवाला आत आला आणि घर एकदम मोठं झालं. नर्स काही फार बोलकी नव्हती. पण तिचा नळ वाजायचा, तिचा गजर वाजायचा, फोनवर ती कुणाशी तरी भांडायची. तेवढीही सोबत आपण आपल्या हाताने दाराबाहेर काढली, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. पण बायकोला शब्द दिला होता. ती म्हणायची, "थोडी कळ काढू. मग मरेपर्यंत त्या खोलीत लोळू."

स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याला टेकवून, घराच्या कागदपत्रांचं पाकीट ठेवलं होतं. सकाळीच बँकेतून आणलेलं. बँकेतल्या माणसाने हात मिळवून अभिनंदन केलं होतं. घरी आल्यावर ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने पाकीट चहाच्या डब्याला दाखवल्यासारखं तिथे ठेवून दिलं होतं.

त्याने कपाटातून चादर काढली. डबल बेडची, पिवळ्या फुलांची. बायकोने ती दुसऱ्याच वर्षी कुठल्याशा सेलमधून आणली होती. तेव्हा तो चिडला होता, "झोपायला जमिनीवर आणि चादर पलंगाची?" ती म्हणाली होती, "असू दे. महाग होतील पुढे." प्लास्टिकचं वेष्टन अजून तसंच होतं. आतला पलंगही दोघांसाठीच घेतलेला. त्यावर आजवर चार भाडेकरू झोपले, मालक-मालकीण एक रात्रही नाही.

चादर काखेत धरून तो दारापाशी आला. अवजारांची पेटी उघडली आणि गुडघ्यावर बसला. कुलूप त्यानेच बसवलेलं होतं, त्याच्या खोडी त्याला पाठ होत्या. बारीक पट्टी सरकवली, मनगट जरासं वळवलं. खट्. मिनिटही लागलं नाही. दार बोटभर उघडलं आणि फटीतून उन्हाची एक रेघ त्याच्या गुडघ्यावर आली.

आता नुसतं ढकलायचं होतं.

तो उठला. अवजारं पेटीत ठेवली, पँटवरची धूळ झटकली, चादरीचं प्लास्टिक तळहाताने साफ केलं. मग बोटाच्या पेराने उघड्या दारावर दोनदा टकटक केली आणि थांबला.

"येऊ का गं?" त्याने विचारलं.