येतो

परेशचा चेंडू चौथ्यांदा फ्रान्सच्या तळ्यात पडला.

"रिलॅक्स, परेश," कोहसाहेब म्हणाले. "व्ह्यू बघ, लाह!"

व्ह्यू देखणा होता, यात वादच नाही. तळ्यापलीकडे निळ्या छपराचा शातो, म्हणजे कुणा फ्रेंच सरदाराचा महाल; आता त्याचं हॉटेल झालेलं. पुढे कारंजं, दुतर्फा झाडं, आणि दोन वाजल्यापासून जागचं न हललेलं कोवळं ऊन. हे सगळं भिंतभर पडद्यावर. पडदा शहरातल्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत. चेंडू खरा, गोल्फची काठी खरी, पायाखालचं गवत प्लास्टिकचं. चेंडू पडद्यावर धप्पकन आपटून खाली पडायचा आणि तिकडे फ्रान्समध्ये पाणी उडायचं.

कोहसाहेब वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ते बायकोबरोबर या हॉटेलात चार दिवस राहून आले होते. तेव्हापासून दर शनिवारी ऑफिसातल्या कुणाला तरी घेऊन ते पुन्हा तिकडे जायचे. खेळायची अठराच्या अठरा होल. मध्येच सोडून द्यायची मुभा नाही. आज परेशची पाळी होती, चौदावं होल चाललं होतं आणि साडेचार वाजले होते.

खिशात फोन थरथरला. बायकोचा, योगिनीचा मेसेज होता: 'टॅक्सी आली. बाबा कधीचे बूट घालून खाली बसलेत. थांबवू?'

सव्वासातच्या विमानाने परेशचे वडील परत निघाले होते. महिनाभर राहिले, नातीशी पत्ते खेळले आणि आज सकाळी पोहे खाताखाता म्हणाले, "गुडघे नको म्हणतात रे आता. ही शेवटचीच खेप." त्यावर परेश घाईघाईने म्हणाला होता, "बाबा, चारला येतो मी. एअरपोर्टला मीच सोडणार तुम्हाला."

आणि हा शहाणा इथे अडकला तो एका शब्दापायी. गुरुवारी केबिनमधून निघताना कोहसाहेब मागून काहीतरी बोलले, 'सॅटर्डे', 'शातो' असं. परेशचं अर्धं लक्ष दाराकडे. कुणाच्याही दारातून निघताना तोंडात जे येतं, तेच त्याने इंग्रजीत करून टाकलं, "ओके सर, आय विल कम." त्याला म्हणायचं होतं, येतो. म्हणजे जातो. आपल्यात जातो कोण म्हणतं? कोहसाहेबांनी खूश होऊन त्याचं नाव लिहून टाकलं. परेशचा इथे नोकरी करायचा पास दोन महिन्यांत संपत होता आणि पुढच्या पाससाठी त्यांचीच शिफारस लागणार होती. दिलेला शब्द परत घ्यायला मग परेशची जीभ रेटेना.

पंधराव्या होलला त्याने धीर केला. "सर, माझे वडील आलेत इंडियाहून."

"अरे वा! पुढच्या वेळी घेऊन ये त्यांना!"

परेशने मान डोलावली आणि पुढचा चेंडू मांडला. परेशला स्वतःची लाज वाटली आणि त्याने योगिनीला लिहिलं, 'निघा तुम्ही.'

सतराव्या होलला बाबांचा फोन आला.

"खेळ चाललाय ना? योगिनी म्हणाली, साहेबांबरोबर आहेस. खेळ, खेळ. आम्ही पोचलोय. मी आत शिरतोय आता."

"बाबा, मी..."

"गोळ्या घेतल्यात. मफलर पण घेतलाय. बरं, जातो मी."

मागून योगिनीचा आवाज आला, "बाबा! येतो म्हणा, येतो!"

मग बाबा तिला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "तो म्हणाला होताच की, येतो."

फोन बंद झाला. परेश काठी धरून उभाच राहिला. शातोपुढचं कारंजं उडत होतं. कोहसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"व्हॉट हॅपन्ड?"

"वडील चाललेत, सर. आज. आत्ता."

"हाय्या! मग मघाशीच का नाही बोललास?" कोहसाहेबांनी त्याच्या हातातली काठी काढूनच घेतली. "गो, गो! हा काय, नुसता खेळ तर आहे!"

नुसता खेळ. परेशने बॅग उचलली. बूट बदलायचंही त्याला सुचलं नाही. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं, दाराची मूठ हाताला लागेना. ती लागली तेव्हा त्याने मागे न बघता, सवयीने म्हटलं, "ओके सर, आय विल कम."

"गुड, गुड!" आतून कोहसाहेब खुशीत म्हणाले. "नेक्स्ट सॅटर्डे. दोन वाजता."